येल्त्सिनचा १९९६ चा विजय : प्रतिमेची जादू की भांडवलाची जुळवाजुळव?

भांडवलदारी वृत्तपत्रसृष्टीत व निवडणूकतज्ज्ञ म्हणून मिरविणाऱ्या मंडळींच्या वर्तुळात एक कथा जवळजवळ तीन दशके मोठ्या कौतुकाने सांगितली जात आहे. ती अशी : १९९६ च्या आरंभी रशियाचा अध्यक्ष बोरिस येल्त्सिन लोकांच्या मनातून पार उतरला होता. त्याचा पराभव ठरल्यासारखाच होता. मग काही हुशार माणसे एकत्र आली. त्यांनी त्याची प्रतिमा बदलली, त्याला नाचायला लावले, हसायला लावले, आणि सहा महिन्यांत पराभवाचे रूपांतर विजयात झाले. या कथेवर अमेरिकेत २००३ साली एक चित्रपटही निघाला. त्यात तीन अमेरिकन सल्लागार मॉस्कोच्या हॉटेलात बसून रशियन लोकशाही वाचविताना दाखविले आहेत.

कथा रंजक आहे यात शंका नाही. पण तिच्यातील मुख्य गोष्टच गाळलेली आहे. ती गोष्ट कोणती, हे तपासणे कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या दृष्टीने केवळ इतिहासाचे कुतूहल नाही. या कथेचा परिणाम आपल्या चळवळीवरही होत असतो. निवडणुकीत पीछेहाट झाली की दोन प्रकारचे सूर हटकून ऐकू येतात. एक सूर म्हणतो, "प्रसारमाध्यमे भांडवलदारांची, मग आपण करणार तरी काय?" दुसरा म्हणतो, "आपणही प्रतिमा घडविणारे तज्ज्ञ नेमले पाहिजेत. जमाना बदलला आहे." पहिला सूर हताशपणाचा आहे, तर दुसरा शरणागतीचा. वरवर पाहता हे एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. ते म्हणजे दूरचित्रवाणीचा पडदा स्वतःच्या शक्तीने इतिहास घडवितो, हा भ्रम. १९९६ च्या रशियातील घटनाक्रम या भ्रमाचे जितके स्पष्ट निरसन करतो, तितके दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

पिछाडी कशाची होती?

प्रथम हे पाहू की येल्त्सिन पिछाडीवर का होता. त्याचे वक्तृत्व कमी पडले, की त्याचे छायाचित्र नीट येत नव्हते? नाही. पिछाडीचे कारण लोकांच्या ताटात होते.

जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरील नियंत्रणे उठविण्यात आली आणि त्या एका वर्षात रशियात किमती पंचविसपटीहून अधिक वाढल्या. आयुष्यभर काटकसर करून बँकेत ठेवलेली कामगार-कर्मचाऱ्यांची पुंजी काही महिन्यांत मातीमोल झाली. कारखाने, खाणी, शाळा, रुग्णालये येथील पगार महिनोन्महिने थकू लागले. १९९० मध्ये रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आसपास होते. १९९४ पर्यंत ते ५८ च्याही खाली घसरले. युद्धाविना एखाद्या औद्योगिक देशात असे घडावे ही आधुनिक काळातील विलक्षण घटना होय. या सगळ्याला पाश्चात्त्य वृत्तपत्रे 'सुधारणा' म्हणत होती. एखाद्या शब्दाचा अर्थ इतका उलटा फिरविला गेल्याची उदाहरणे थोडीच असतील. मराठीत त्या प्रक्रियेला साधा शब्द आहे : लूट.

ऑक्टोबर १९९३ मध्ये याच येल्त्सिनने निवडून आलेल्या संसदेवर रणगाड्यांतून तोफा डागल्या. सरकारी आकड्यांप्रमाणेच सुमारे दीडशे माणसे त्या दिवसांत मृत्युमुखी पडली. डिसेंबर १९९४ मध्ये त्याने चेचन्यात सैन्य घुसविले. ग्रोझ्नी शहर बेचिराख झाले व तरुण सैनिकांच्या शवपेट्या गावोगाव परतू लागल्या.

रशियन जनतेने याचे उत्तर मतपेटीतून दिले. १७ डिसेंबर १९९५ च्या डूमा निवडणुकीत रशियन फेडरेशनच्या कम्युनिस्ट पक्षाला यादीच्या मतदानात २२.३ टक्के मते व ४५० पैकी १५७ जागा मिळाल्या आणि तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. पंतप्रधान चेर्नोमिर्दिन यांच्या 'आमचे घर रशिया' या सरकारी गटाच्या वाट्याला जेमतेम १० टक्के मते आली. फेब्रुवारी १९९६ च्या आरंभी कोळसा खाणकामगार थकलेल्या पगारासाठी लाखोंच्या संख्येने संपावर उतरले. त्याच सुमारास येल्त्सिनला पाठिंबा देणाऱ्यांचे प्रमाण चाचण्यांत दहा टक्क्यांच्याही खाली दिसत होते.

तेव्हा ही पिछाडी 'प्रतिमे'ची नव्हती. लोकांनी वस्तुस्थिती पाहिली होती व तिच्यावर मत बनविले होते. मग जी वस्तुस्थिती बदलता येत नाही, तिच्याविषयीची चर्चाच बदलणे हा एकच मार्ग सत्ताधाऱ्यांपुढे उरला.

आधी सौदा, मग प्रचार

प्रतिमेच्या कथेत जी गोष्ट गाळली जाते ती येथे येते. प्रचाराला आरंभ होण्यापूर्वीच एक सौदा झाला होता. १९९५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 'कर्जाच्या बदल्यात समभाग' ही योजना राबविण्यात आली. सरकारने काही मोजक्या बँकांकडून कर्ज घ्यावे व तारण म्हणून देशातील सर्वोत्तम उद्योगांचे समभाग त्यांच्याकडे ठेवावे, असे तिचे बाह्य स्वरूप होते. जगातील सर्वांत मोठा निकेल उत्पादक असलेल्या नोरिल्स्क निकेलचे ३८ टक्के भांडवल १७ कोटी डॉलरच्या कर्जासाठी ओनेक्सिम बँकेकडे गेले. युकोस या तेल कंपनीचे ४५ टक्के भांडवल १५ कोटी ९० लाख डॉलरसाठी मेनातेप बँकेच्या हाती आले. सिब्नेफ्त या तेल कंपनीचे ५१ टक्के भांडवल दहा कोटी डॉलरच्या किंचित वर रकमेला बेरेझोव्स्कीच्या गटाने मिळविले. लिलाव कसे झाले? काही ठिकाणी लिलावाची व्यवस्था पाहणारी बँक हीच लिलावात बोली लावणाऱ्यांच्या पाठीशी होती. सोनाराने स्वतःच सोने तोलावे, स्वतःच भाव ठरवावा आणि स्वतःच विकत घ्यावे, असा तो प्रकार होता.

परंतु खरी मेख मुदतीत होती. सरकारने कर्ज फेडले नाही तर हे समभाग विकण्याचा अधिकार बँकांना १ सप्टेंबर १९९६ नंतर मिळणार होता. अध्यक्षपदाची निवडणूक होती जूनमध्ये. म्हणजेच लुटीचा माल हातात आला होता, पण त्याच्या मालकीवर शिक्कामोर्तब निवडणुकीनंतर व्हायचे होते. येल्त्सिन हरला तर नवे सरकार कर्ज फेडून कारखाने परत घेऊ शकत होते. सौद्याची चौकशीही लावू शकत होते. देशातील सर्वांत धनाढ्य माणसांचे भवितव्य अशा रीतीने एका उमेदवाराच्या गळ्यात बांधण्यात आले. येल्त्सिनच्या पुढील प्रचाराला पैसा, पडदा व पाठिंबा कोठून आला, याचे कोडे ही तारीख समजली की उरतच नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे जागतिक भांडवलाच्या मेळाव्यात कम्युनिस्ट नेते गेनादी झ्युगानॉव्ह यांचे पाश्चात्त्य उद्योगपतींनी भावी अध्यक्ष या नात्याने स्वागत केले. ते दृश्य पाहून रशियन धनिकांच्या पोटात गोळा उठला. तोवर एकमेकांचे हाडवैरी असलेले बेरेझोव्स्की व गुसिन्स्की यांनी तेथेच समेट केला. सरकारातून नुकतेच बाहेर पडलेले खासगीकरणाचे शिल्पकार अनातोली चुबाईस यांना प्रचाराची सूत्रे हाती घेण्यास पाचारण करण्यात आले. बेरेझोव्स्कीचे वर्चस्व ओआरटी या पहिल्या वाहिनीवर होते आणि गुसिन्स्कीच्या मालकीची होती एनटीव्ही. आरटीआर ही तिसरी वाहिनी तर सरकारीच होती. तिचे प्रमुख ओलेग पोपत्सोव्ह चेचन्यातील युद्धाचे वास्तव दाखवीत असल्याने त्यांना त्याच फेब्रुवारीत दूर करण्यात आले.

अशा प्रकारे देशभर पोहोचणाऱ्या तिन्ही वाहिन्या एका उमेदवाराच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्यावर कळस असा की, एनटीव्हीचे प्रमुख इगोर मालाशेंको हे वाहिनीचे पद न सोडताच येल्त्सिनच्या प्रचारसमितीत दाखल झाले. बातमी देणारा आणि बातमी घडविणारा हे एकाच खुर्चीत बसले! कम्युनिस्ट निवडून आले तर स्वतंत्र पत्रकारिताच संपेल, असे याचे समर्थन केले गेले. स्वातंत्र्य वाचविण्यासाठी ते आधी आपणच गहाण टाकायचे, हा तर्क अजबच म्हटला पाहिजे.

निवडणूक रद्द करण्याचा डाव

येथे आणखी एका प्रसंगाची नोंद करणे आवश्यक आहे, कारण 'लोकशाहीचा रक्षक' या बिरुदाचा त्याने निकाल लागतो. १५ मार्च १९९६ रोजी डूमाने सोव्हिएत युनियन मोडीत काढणारा बेलोवेझचा करार नाकारणारा ठराव संमत केला. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत क्रेमलिनमध्ये हुकूमनामे तयार करण्यात आले : डूमा बरखास्त करावयाची, कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावयाची आणि निवडणूक दोन वर्षे पुढे ढकलावयाची. गृहमंत्री कुलिकोव्ह यांनी याला विरोध केला. चुबाईस यांनीही वेगळ्या कारणांसाठी विरोध केला. येल्त्सिन मागे हटला. हे कम्युनिस्टांचे आरोप नव्हेत. येल्त्सिनने आपल्या आठवणींत ते स्वतःच कबूल केले आहे.

याचा अर्थ काय? पिछाडीवरच्या सत्ताधाऱ्यापुढे दोन पर्याय ठेवले गेले होते : रणगाडा किंवा पडदा. त्याने पडदा निवडला तो लोकशाहीच्या प्रेमापोटी नव्हे. रणगाडे आज्ञा पाळतील याची खात्री नव्हती; पडदा पाळील याची होती.

प्रश्न बदलण्याची कला

यानंतर जो प्रचार झाला त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ती वारंवार वापरली जाते.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नच बदलण्यात आला. लोकांपुढे खरा प्रश्न होता : गेल्या पाच वर्षांत तुम्ही काय केलेत? वाहिन्यांनी त्याजागी दुसराच प्रश्न आणून बसविला : तुम्हाला रांगा, छावण्या व यादवी युद्ध परत हवे आहे काय? एप्रिल ते जून या काळात 'देव न करो' या नावाचे रंगीत साप्ताहिक घरोघर फुकट वाटण्यात आले. त्याच्या छापील प्रती एक कोटी असल्याचे त्यावर नमूद असे. त्याच्या पानापानावर एकच मजकूर होता, तो म्हणजे कम्युनिस्टांचे भय. सत्तेवर असलेल्या माणसाने आपला हिशेब देण्याऐवजी विरोधकाकडेच इतिहासाचा हिशेब मागितला.

दुसरे असे की, विरोधकाच्या घोषणा चोरण्यात आल्या. ज्याने नोव्हेंबर १९९१ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या बंदीचा हुकूम काढला, त्याच येल्त्सिनने १५ एप्रिल १९९६ रोजी महायुद्धातील विजयाचा लाल झेंडा राष्ट्रीय ध्वजाबरोबर फडकविण्याचा हुकूम काढला! २ एप्रिलला बेलारूसशी ऐक्याचा करार करण्यात आला. सोव्हिएत युनियन ज्याने मोडले तोच आता त्याचे तुकडे जोडण्याचा आव आणू लागला. लाल रंगाची लोकांना किती ओढ होती याची यापेक्षा मोठी कबुली कोणती असू शकेल?

तिसरी पायरी आश्वासनांच्या खैरातीची होती. थकलेले पगार व निवृत्तिवेतने देण्याची हमी दिली गेली. १६ मे रोजी सक्तीची लष्करभरती २००० सालापर्यंत बंद करण्याचा हुकूम निघाला. तो कधीच अमलात आला नाही. २७ मे रोजी चेचेन नेते यांदारबियेव्ह यांना क्रेमलिनमध्ये बोलावून युद्धबंदीचा करार झाला, आणि दुसऱ्या दिवशी ते शिष्टमंडळ मॉस्कोतच असताना येल्त्सिनने चेचन्यात उतरून सैनिकांपुढे विजयाची भाषा केली. मतदान जुलैच्या ३ तारखेला आटोपले आणि त्याच महिन्यात चेचन्यात पुन्हा बाँब पडू लागले. ही शांतता फक्त मतदानापुरती होती.

चौथा भाग उमेदवाराच्या शरीराचा. आजारी व थकलेला म्हणून ओळखला जाणारा हा गृहस्थ १० जूनला रोस्तोव्ह येथे तरुणांच्या मेळाव्यात व्यासपीठावर नाचला. ते छायाचित्र जगभर गेले व पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिकही मिळाले. तरुणांसाठी 'मत द्या, नाहीतर हराल' या घोषणेखाली गाण्यांचे जलसे भरविण्यात आले. दूरचित्रवाणीवर साधी माणसे येल्त्सिनवरील आपला विश्वास सांगू लागली. झ्युगानॉव्ह यांच्याशी समोरासमोर वादविवाद करण्यास मात्र या नाचऱ्या उमेदवाराने शेवटपर्यंत नकार दिला.

युरोपातील माध्यम-निरीक्षकांनी केलेल्या पाहणीत पहिल्या फेरीपूर्वीच्या वार्तांकनाचा ५३ टक्के भाग एकट्या येल्त्सिनला व १८ टक्के झ्युगानॉव्ह यांना मिळाल्याचे आढळले. आणि पहिल्याचे वार्तांकन स्तुतीचे तर दुसऱ्याचे निंदेचे होते. हे निरीक्षक कम्युनिस्टांचे मित्र नव्हते.

पुठ्ठ्याचे खोके आणि झाकलेला झटका

१६ जूनच्या पहिल्या फेरीत येल्त्सिनला ३५.३ टक्के व झ्युगानॉव्ह यांना ३२ टक्के मते मिळाली. एवढा आटापिटा करूनही फरक जेमतेम सव्वातीन टक्क्यांचा! तिसरा आला जनरल लेबेद, १४.५ टक्के मते घेऊन. झ्युगानॉव्ह यांच्याकडे जाऊ शकणारी असंतुष्टांची मते खेचण्यासाठी लेबेदच्या प्रचाराला येल्त्सिनच्या गोटातूनच हात दिला गेला होता, ही गोष्ट पुढे लपून राहिली नाही. दोन दिवसांत त्याला सुरक्षा परिषदेचे सचिवपद देऊन मोकळे करण्यात आले.

१९ जूनला येल्त्सिनचे दोन प्रचारक सरकारी इमारतीतून बाहेर पडताना पकडले गेले. त्यांच्याकडे कागदाच्या खोक्यात ५ लाख ३८ हजार डॉलर रोख सापडले. कायद्याने प्रत्येक उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती सुमारे २९ लाख डॉलर. म्हणजे एका खोक्यातच जवळजवळ पंचमांश मर्यादा मावली होती. मग काय झाले? प्रचारक सुटले आणि त्यांना पकडणाऱ्यांचे प्रमुख कोर्झाकोव्ह व बार्सुकोव्ह हेच दुसऱ्या दिवशी पदच्युत झाले. वाहिन्यांनी ही बातमी अशी सांगितली की, प्रतिगामी कटवाल्यांनी निवडणूक उधळण्याचा प्रयत्न केला व लोकशाही वाचली. पैशाच्या खोक्याची गोष्ट कटाची गोष्ट झाली!

आणि शेवटचा प्रसंग. २६ जूनला, दुसऱ्या फेरीला जेमतेम आठवडा उरला असताना येल्त्सिनला हृदयविकाराचा झटका आला. मतदारांना सांगण्यात आले की, आवाज बसला आहे. ज्या माणसाला चार वर्षांसाठी निवडावयाचे तो खुर्चीवर बसू शकतो की नाही, हेच जनतेपासून दडविण्यात आले. ३ जुलैला त्याने नेहमीच्या केंद्रावर न जाता बारविखा येथील आरोग्यधामात मत टाकले, आणि कॅमेऱ्यांनी दाखवावयाचे तेवढेच दाखविले. निकाल लागला : येल्त्सिन ५३.८, झ्युगानॉव्ह ४०.३ टक्के. ५ नोव्हेंबरला येल्त्सिनच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. 'मुक्त प्रसारमाध्यमां'ची याहून कठोर समीक्षा कोणत्याही कम्युनिस्टाला लिहिता आली नसती.

मतमोजणीविषयीही शंका घेण्यास जागा होती. दागेस्तानमध्ये पहिल्या फेरीत झ्युगानॉव्ह यांना ६३ टक्के मते होती. अवघ्या सतरा दिवसांनी तेथे येल्त्सिनला बहुमत मिळाले. अशा चमत्कारांत स्थानिक प्रशासनाचा हात होता हे सांगण्यास ज्योतिषी नको.

अमेरिकन जादूगारांची दंतकथा

आता त्या तीन अमेरिकन सल्लागारांकडे वळू. १५ जुलै १९९६ च्या अंकात 'टाइम' साप्ताहिकाने त्यांच्या कामगिरीला मुखपृष्ठ बहाल केले. ते मॉस्कोतील प्रेसिडेंट हॉटेलात राहिले, चाचण्या घेतल्या, टिपणे लिहिली, हे खरे. परंतु त्यांनी निवडणूक जिंकून दिली, असे मानणे म्हणजे आधी भांडवलदारांच्या जाहिरातीवर विश्वास ठेवणे होय. प्रचारातील रशियन सूत्रधारांनीही त्यांना फारसे श्रेय दिलेले नाही.

अमेरिकन साम्राज्यवादाचा हस्तक्षेप होता, पण तो हॉटेलाच्या खोलीत नव्हता. मार्च १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने रशियाला १०.२ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. ज्या सरकारला इतरवेळी एकेका पैशाच्या खर्चासाठी चाबूक दाखविला जाई, त्याला निवडणुकीच्या तोंडावर खैरात करण्याची मुभा मिळाली. एप्रिलमध्ये बड्या राष्ट्रांचे प्रमुख मॉस्कोत जमले व क्लिंटन यांनी येल्त्सिनच्या खांद्याला खांदा लावून छायाचित्रे काढून घेतली. खरा सल्ला नाणेनिधीचा होता. सल्लागारांची गोष्ट रंगवून सांगण्याचा हेतू हाच की, वर्ग, पैसा व सत्ता यांचा विचार वाचकाच्या मनात येऊ नये. त्याने निवडणूक म्हणजे कारागिरीचा खेळ समजावा.

कम्युनिस्टांचे काय चुकले?

एवढे सांगून थांबणे सोपे आहे. परंतु सगळा दोष शत्रूच्या माथी मारणे हे मार्क्सवाद्याला शोभणारे नाही. शत्रू शत्रूसारखाच वागणार. प्रश्न असा की, पाच लाखांच्या आसपास सभासद सांगणारा, संसदेतील सर्वांत मोठा पक्ष सहा महिन्यांत आपली आघाडी का टिकवू शकला नाही?

एक कारण दाव्होसमध्येच दिसते. तेथे पाश्चात्त्य भांडवलदारांना गुंतवणूक सुरक्षित राहील असा दिलासा आणि मायदेशी लुटीचा माल परत घेण्याची भाषा, असे दोन सूर झ्युगानॉव्ह यांनी लावले. कामगाराला त्यामुळे खात्री वाटली नाही आणि बँकवाल्याची भीतीही गेली नाही. आर्थिक कार्यक्रम मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे मतदान तोंडावर आले असता लोकांपुढे आला. थकलेल्या पगाराचा, संपावरच्या खाणकामगाराचा, नोरिल्स्कच्या मालकीचा प्रश्न प्रचाराच्या मध्यभागी यावयास हवा होता. त्याजागी राष्ट्रगौरवाची व गतकालाची भाषा पुढे आली. त्यामुळे शत्रूला हवा असलेला 'भूत विरुद्ध भविष्य' हा देखावा उभा करणे सोपे गेले. दुसऱ्या फेरीपूर्वी संमिश्र सरकारचे प्रस्ताव मांडण्यात वेळ गेला, आणि खोक्याचे प्रकरण उघडकीस आले असताना रस्त्यावर त्याचा जाब विचारला गेला नाही.

येल्त्सिनच्या छावणीने प्रश्न बदलला हे खरे. पण प्रश्न बदलू देण्यास जी मोकळी जागा लागते, ती कम्युनिस्टांनी सोडलेली होती.

आणि तरीही त्या दुसऱ्या फेरीतील एक आकडा विसरता कामा नये. तिन्ही वाहिन्या, एक कोटी प्रतींचे साप्ताहिक, नाणेनिधीचे अब्जावधी व सरकारी यंत्रणा हे सगळे विरोधात असताना तीन कोटींहून अधिक माणसांनी झ्युगानॉव्ह यांना मत दिले. पडदा सर्वशक्तिमान असता तर हे घडले असते काय? ही मते प्रामुख्याने दक्षिण रशियाच्या शेतीप्रधान पट्ट्यातून व लहान शहरांतून आली. तेथे पक्षाची शाखा जिवंत होती व शेजारी शेजाऱ्याशी बोलत होता. मॉस्कोत मात्र येल्त्सिनला दुसऱ्या फेरीत ७७ टक्के मते मिळाली. माणसाच्या विश्वासातला माणूस जेथे उरत नाही तेथेच पडदा त्याचा सल्लागार बनतो.

मालकाचा पडदा मालकाकडेच गेला

या सौद्याचा शेवटही बोधप्रद आहे. निवडणुकीनंतर चुबाईस अध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख झाले, नोरिल्स्क मिळविणारे पोतानिन उपपंतप्रधान झाले, बेरेझोव्स्की सुरक्षा परिषदेचे उपसचिव झाले. सप्टेंबर १९९६ मध्ये एनटीव्हीला चौथ्या वाहिनीवरील संपूर्ण वेळ बहाल करण्यात आला व त्याच वर्षी सरकारी प्रभावाखालील गॅझप्रोमने तिचे ३० टक्के भांडवल घेतले. तेव्हा ते बक्षीस वाटले. एप्रिल २००१ मध्ये त्याच गॅझप्रोमने वाहिनीचा ताबा घेतला. गुसिन्स्की त्यापूर्वीच देशाबाहेर गेला होता, बेरेझोव्स्कीलाही पळावे लागले. १९९६ मध्ये ज्या पत्रकारांनी सत्तेसाठी सत्य झाकले, त्यांच्या मदतीला २००१ मध्ये पुरेशी जनता आली नाही. फसविलेल्या प्रेक्षकाकडून संरक्षणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? ज्या 'वाचविलेल्या लोकशाही'चे गोडवे गायिले गेले, तिने १७ ऑगस्ट १९९८ रोजी दिवाळखोरी जाहीर केली आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी सत्ता निवडणुकीशिवाय वारसाच्या हाती सोपविली.

आपल्यासाठी

हा सगळा परक्या देशाचा इतिहास म्हणून बाजूला सारता येणार नाही. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत उमेदवारांची स्तुती बातमीच्या वेषात विकली गेली. भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरविले तेव्हा भांडवल व सत्ता यांच्यातील देवघेव किती पद्धतशीर झाली होती हे देशाने पाहिले. खोके तेच आहे; आता ते बँकेतून जाते एवढेच.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रतिमातज्ज्ञांच्या मागे धावणे हा मार्ग नाही. त्यांची कला मालकाच्या पडद्यावरच चालते आणि पडदा आपल्या मालकीचा नाही. हात टेकून बसणे हाही मार्ग नाही, कारण तीन कोटी मतांनी तो खोटा ठरविला आहे. मार्ग कंटाळवाणा वाटावा इतका जुना आहे. पक्षाचे वृत्तपत्र विकणे, वाचून दाखविणे व त्यातील प्रत्येक आकडा खरा असेल याची काळजी घेणे. कारखान्याच्या दारात जे बोलतो तेच परिषदेच्या व्यासपीठावर बोलणे. शत्रू प्रश्न बदलू लागला की पगार, जमीन व मालकी यांचा मूळ प्रश्न न थकता पुन्हा मांडणे. आपल्या चुका शत्रूने सांगण्यापूर्वी आपण सांगणे. वस्ती, चाळ, गाव व खाण येथे शाखा जिवंत ठेवणे, निवडणूक असो वा नसो.

पिछाडीवरच्या सत्ताधाऱ्याला वस्तुस्थिती लपविण्यासाठी अब्जावधी खर्चावे लागतात. कम्युनिस्टांना ती फक्त सांगावयाची असते. पण ती रोज सांगावी लागते, आणि ज्याला सांगावयाची त्याच्या दारात जाऊन सांगावी लागते. १९९६ च्या रशियात हे काम जेथे झाले तेथे पडदा हरला, आणि जेथे झाले नाही तेथे येल्त्सिन जिंकला.